देवघरामागचं पाकीट

"ताई, बँकवाले येऊन घराला कुलूप लावतील का?" गोव्यातल्या डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालक विचारायचे, कोविडनंतर टॅक्सीवाले विचारू लागले. म्हणून एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

भाई आधी एकटेच यायचे. झोप नाही, जेवणावर मन नाही, एवढंच सांगायचे. चौथ्या भेटीत त्यांनी खिशातून बँकेचं एक चुरगळलेलं पाकीट काढलं. देवघरामागे लपवून ठेवलेलं.

"काय लिहिलंय ह्यात?"

"घर जाणार म्हणून."

"वाचलंत?"

"वाचायला कशाला हवं, ताई?"

मी कर्जाच्या काळजीत माणसाला एकट्याला समजावत बसत नाही. घरावर आलंय ना, मग घरातल्यांनी एकत्र बसायचं. वहिनींना, म्हणजे बायकोला, सांगायला भाई तयार होत नव्हते. लाज वाटत होती. पुढच्या भेटीला त्या आल्या, तेव्हाही दोघांमध्ये एक खुर्ची रिकामी होती.

नोटीस मी वहिनींच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. घाबरलेला माणूस डोळ्यांनी वाचतो तेव्हा त्याला एकच शब्द दिसतो. कानांनी ऐकलं की बाकीचे शब्दही ऐकू येतात, हा माझा जुना अनुभव. "६० दिवसांच्या आत" इथे त्या थांबल्या. पुन्हा वर जाऊन नोटिशीची तारीख पाहिली. १९ दिवस झाले होते.

"म्हणजे अजून ४१ आहेत," त्या म्हणाल्या. मग भाईंकडे वळल्या. "कर्ज काढताना बँकेने माझी सही का घेतली होती?"

भाई गप्प.

"बाबा गेल्यावर आमच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, झाली. आईला अर्धं मिळालं ते कुणी दिलं म्हणून नाही, तिचं होतंच म्हणून. हे घरही अर्धं माझं आहे. माझ्या अर्ध्या घराची नोटीस तुम्ही माझ्यापासून लपवलीत?"

भाई रडले. मीही बराच वेळ काही बोलले नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची सामायिक, आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून घर विकता किंवा गहाण टाकता येत नाही, हे मी पोटतिडकीने कित्येकांना सांगितलंय. पण ह्या कायद्याने एका पुरुषाच्या छातीवरचं ओझं उतरताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. जे घर एकट्याचं नव्हतंच, ते एकट्याने घालवल्याचा गुन्हा ते मनाशी घेऊन बसले होते.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. तुमच्या घरी असं पाकीट आलं असेल तर तेच करा.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत धरलं जातं, आणि २००२ च्या सरफेसी ह्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस काढते. ह्या दिवसांत लेखी म्हणणं द्या. बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. थकबाकी चुकती केली तर खातं पुन्हा नियमित होतं. मुदत वाढवून किंवा एकरकमी तडजोड मागता येते. मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. ६० दिवस उलटले तरी आधी येते ती ताब्याची नोटीस, दारावर आणि वर्तमानपत्रात. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. घर विकण्याआधी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि विक्रीची जाहीर सूचना छापून येईपर्यंत सगळं देणं फेडून घर सोडवता येतं. लिलावात देण्याहून जास्त रक्कम आली तर उरलेले पैसे तुमचे. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्यातच यायला हवेत. (पतसंस्थेच्या कर्जाची वाट वेगळी, तिथे वकिलाला आधी विचारा.)

वकिलाला पैसे कुठून आणू, हाही नेहमीचा प्रश्न. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणूनच अर्ज वहिनींच्या नावाने केला.

आणि सरकार? भाई दर भेटीत विचारायचे. खाणपट्ट्यातल्या कर्जदारांसाठी २०१४ साली राज्याने दिलासा योजना आणली होती, ती लोकांच्या मनातून गेलेली नाही. आवास योजनेची व्याजसवलत घर घेण्यासाठी होती, थकलेल्या हप्त्यांसाठी नव्हे. दिलाशाची दुसरी योजना येईल म्हणून वाट पाहत ६० दिवस घालवणारी माणसं पाहिली की माझा जीव तुटतो.

वहिनींनी पत्र मराठीतच लिहिलं. बाराव्या दिवशी उत्तर आलं. मागच्या अंगणात गंजत पडलेला ट्रक त्यांनी विकला आणि थकलेले हप्ते भरले. शेवटच्या भेटीत पुढची खोली भाड्याने द्यावी की नाही ह्यावर दोघांचा वाद चालला होता. मध्ये खुर्ची नव्हती.