टेकचे आकडे फसवतात: ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची रूपं कशी ओळखायची

तुम्ही विचारलंय की बीटल्सच्या या गाण्याच्या आठ-नऊ फायली जमल्यात, त्यातल्या खरोखर वेगळ्या वाजवलेल्या किती आणि नुसत्या नव्याने मिक्स केलेल्या किती. या गाण्यामागे मी बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टेकच्या, म्हणजे गाणं एकदा वाजवून टेपवर घेतल्याच्या, आकड्यावर विसंबू नका. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तेव्हा चार ट्रॅकची, म्हणजे चार वेगळे आवाजपट्टे असलेली, टेप वापरत. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे, म्हणजे पुढच्या वाद्यांना जागा व्हायची. त्या उतरवलेल्या प्रतीला नवा आकडा मिळे. त्यामुळे टेक 6 आणि टेक 7 मुळात एकच वाजवणं आहे. टेक 26 चं कूळ तर आणखी गुंतागुंतीचं: टेक 15 चा सुरुवातीचा मोठा भाग आणि टेक 24 चा शेवट जोडून टेक 25 झाला, त्यावर 15 डिसेंबर 1966 ला चार ट्रम्पेट आणि तीन चेलो चढले, आणि ते सगळं उतरवून टेक 26.

म्हणून माझ्या हिशोबी स्टुडिओतली कुळं तीनच. 24 नोव्हेंबर 1966 चा टेक 1: हा धृपदाने नाही, थेट कडव्याने सुरू होतो, आणि मला आजही सर्वांत हळवा वाटतो. मग टेक 7, मेलोट्रॉनच्या (टेपवरचे सूर वाजवणारं कळवाद्य) बासरीचा. आणि टेक 26. त्याआधी हे गाणं लिहिणाऱ्या जॉन लेननने स्पेनमध्ये सिनेमाच्या चित्रीकरणाच्या काळात केलेले घरगुती डेमो, म्हणजे कच्ची ध्वनिमुद्रणं, आहेत, ते वेगळे ठेवा.

बाजारात आलेलं गाणं म्हणजे टेक 7 आणि टेक 26 चा सांधा. लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता, पण दोन्हींची लय आणि पट्टी वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी 22 डिसेंबरला टेक 7 च्या टेपचा वेग किंचित वाढवला, टेक 26 च्या टेपचा कमी केला आणि दोन्ही कापून जोडल्या. टेक 26 सफेद एकमध्ये वाजवलेला आहे. तयार गाण्यात तो काळी पाचच्या जवळ उतरतो. लेननचा आवाज उत्तरार्धात जड, झोपाळलेला वाटतो तो त्यामुळे. तानपुऱ्याचं ॲप लावून पट्टी तपासा, फायलीचं कूळ पटकन कळतं.

दुसरी खूण आपल्या ओळखीची आहे: स्वरमंडल. किशोरीताईंच्या मैफलीत आपण पाहिलेलं तेच वाद्य इथे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने छेडलंय, आणि ते टेक 26 च्या कुळातच आहे. सांधा साधारण एका मिनिटाला, दुसऱ्या धृपदात येतो. हेडफोन लावून ऐका, त्यानंतर थोड्याच वेळात स्वरमंडलाची तार झरझर उतरते.

आता मिक्स. इथे वाजवणं तेच राहतं, आवाजांची जागा आणि पातळी बदलते. फेब्रुवारी 1967 चं एकल (सिंगल) मोनोत होतं. स्टिरिओ मिक्स 29 डिसेंबर 1966 चा. 1967 च्या अमेरिकी एलपीवर तो आहे. 1971 मध्ये नवा स्टिरिओ मिक्स झाला, तो आधी जर्मन एलपीवर आला आणि 1987 च्या सीडीवरही तोच आहे. पुढे 2015 चा, जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिनचा. शंका आली तर दोन्ही फायली एकाच वेळी लावून रिंगोच्या ड्रमचे तुकडे जुळतात का ते पाहा. जुळले तर मिक्स, नाहीतर वेगळा टेक. वेग थोडा सरकलेला असू शकतो, तो आधी सारखा करून घ्या.

2006 च्या ‘लव्ह’ अल्बममधली फाइल यात कुठेच बसवू नका. तिथे डेमो, टेक 1 आणि पुढची ध्वनिमुद्रणं मुद्दाम एकमेकांत विणली आहेत.

तुमच्या यादीतली ‘टेक 7 आणि एडिट पीस’ ही फाइल बहुधा 1996 च्या ‘अँथॉलॉजी 2’ची. तिच्या शेवटी वेगळा ड्रमचा तुकडा जोडलाय. तिथेच लेनन ‘क्रॅनबेरी सॉस’ म्हणताना स्वच्छ ऐकू येतो; मूळ एकलात ते शब्द इतके दबलेले होते की काहींना ते ‘आय बरीड पॉल’ (मी पॉलला पुरलं) असे ऐकू आले आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या मृत्यूच्या अफवेचा तो पुरावा वाटला.