कोणता देव, ते आधी ठरव

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

‘देव नाही हे मी सिद्ध करून दाखवलं, तरी आजी ऐकत नाही,’ असं तू लिहिलं आहेस. कोणता देव नाही, हे मात्र पत्रात कुठेच नाही.

तू खोडून काढलास तो जगाचा कर्ता. त्याच्या बाजूने आपल्याकडे उदयनाचार्य भक्कम उभे राहिले. घडा दिसला की कुंभार असणारच. जगही कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू आहे, तेव्हा त्यालाही कर्ता हवा, हा त्यांच्या न्यायदर्शनाचा, तर्कावर भर देणाऱ्या विचारपरंपरेचा, युक्तिवाद. पण त्यांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, कुमारिल भट्टांनी या कर्त्यावरच हरकत घेतली होती. देवाने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता, मग निर्मितीआधी कीव यावी असं दुःखी होतं तरी कोण? आणि करुणाच होती, तर सगळं सुखाचंच का नाही केलं? हे विचारणारा माणूस वेद प्रमाण मानणारा, यज्ञावर श्रद्धा असलेला मीमांसक! मला तरी या प्रश्नापुढे उदयनांची बाजू आजही लंगडी वाटते.

आता पतंजलींचा ईश्वर बघ. क्लेश आणि कर्म ज्याला शिवत नाहीत असा विशेष पुरुष, म्हणजे आत्मा, अशी त्याची ओळख. त्याने जग घडवलं, असं योगसूत्रं म्हणत नाहीत. कुमारिलांचा बाण त्याला लागतच नाही.

आणि आजीचा खंडोबा? देव्हाऱ्यातला तो चांदीचा टाक, घासून घासून ज्याचे नाकडोळे पुसट झालेत, त्याच्याशी ती रोज सकाळी बोलते. विश्व कुणी केलं, हा तिचा प्रश्नच नाही. तुझा मुद्दा बरोबर असेल, पण तो तिच्या देवाच्या वाटेलाही गेलेला नाही. एकदा शांतपणे विचार तिला, त्याच्याशी काय बोलतेस म्हणून.

म्हणून व्याख्या हवी तशी वाकवावी, असं मात्र समजू नकोस. वादात अडचण आली की ‘देव म्हणजे निसर्गाचे नियम’ म्हणायचं आणि घरात कुणी आजारी पडलं की त्याच नियमांना नवस बोलायचा, हे मला पटत नाही. युरोपातला तत्त्वज्ञ स्पिनोझा, त्याने अशी पळवाट ठेवली नाही. 1656 साली, अवघ्या 23 व्या वर्षी, ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. पुढे त्याने देव आणि निसर्ग एकच मानले. आणि अशा देवावर प्रेम करणाऱ्याने उलट प्रेमाची आस धरू नये, हेही सांगून टाकलं. आपल्या व्याख्येतून जे निघतं ते सगळं पदरात घ्यायची तयारी हवी, ती ही.

तेव्हा या सुट्टीत एवढं कर. तू ‘देव’ म्हणतोस तेव्हा तुला काय अभिप्रेत असतं, ते चार ओळींत लिही. त्याखाली लिही, काय घडलं तर तुझं मत बदलेल. ‘काहीही घडलं तरी नाही’ असं मनात आलं, तर तेही खोडू नकोस. कागद मला पाठव. मीही माझा लिहून ठेवतो.

तुझा,
सर