नेमके किती दिवस?

प्रश्न : वडिलांचा कर्करोग अखेरच्या टप्प्यात आहे. किती दिवस उरले, हे डॉक्टर नेमके सांगत नाहीत. ते काही लपवत असतील का?

उत्तर : बहुधा नाही, त्यांनाही ते ठाऊक नसते. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६८ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टरांचे अंदाज जेमतेम २० टक्के वेळा बरोबर ठरले, तर ६३ टक्के वेळा त्यांनी आयुष्य प्रत्यक्षापेक्षा जास्त धरले होते. म्हणून आकडा न मागता ‘महिने, आठवडे की दिवस?’ असे विचारा. प्रकृती दर आठवड्याला ढासळत असेल तर हिशेब आठवड्यांचा, रोज ढासळत असेल तर दिवसांचा, असा ढोबळ ठोकताळा आहे. (छातीठोकपणे तारीख सांगणाऱ्याबद्दल मला उलट शंकाच येते.) वडिलांना स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे, हे मात्र आधी त्यांनाच विचारा.