‘पुढे’ हे बटण दाबताना

प्रश्न : काही आठवड्यांपासून घरच्या संगणकावर ब्राउझर उघडला, की मी कधीही न निवडलेले शोधपान समोर येते. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस आढळले’ अशी सूचना वारंवार झळकते. अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी केली, पण त्याला काहीच सापडले नाही. हे स्पायवेअर असावे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि अँटिव्हायरसचे उत्तरही बहुधा खरेच आहे. व्हायरस परवानगी न विचारता शिरतो. आपण वर्णन केलेला प्रकार मात्र बहुतेक वेळा आपल्याच संमतीने आत आलेला असतो. एखादा मोफत व्हिडिओ प्लेअर इन्स्टॉल करताना मधल्याच एका खिडकीत, आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनाशेजारी, ‘मुख्यपान बदलण्यास व सोबतचे टूलबार घेण्यास मी तयार आहे’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि आपण ते न वाचता ‘पुढे’ दाबतो. अशी कागदोपत्री संमती असल्यामुळे सुरक्षा कंपन्या या प्रोग्रामांना थेट मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, न म्हणता ‘संभाव्यतः नको असलेले’ अशा वेगळ्या वर्गात ठेवतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये त्यांना अडवण्याची स्वतंत्र सोय ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या विभागात आहे. ती चालू आहे की नाही, हे आधी पाहावे.

स्पायवेअर याहून वेगळे. ते कळफलकावर दाबलेली अक्षरे, भेट दिलेली संकेतस्थळे किंवा पडद्यावरील चित्रे गुपचूप दुसऱ्याकडे पाठवते आणि स्वतः होता होईल तो नजरेस पडत नाही. तथापि या दोहोंमधील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही. २०१४ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम विक्रीपूर्वीच घातलेला होता. सुरक्षित पानांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरे आहे की नाही हे ब्राउझर ज्याच्या भरवशावर ठरवतो ती डिजिटल खूण, बसवले होते आणि त्या प्रमाणपत्राच्या नावाने शिक्का मारणारी गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपांवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती उघड झाली, तेव्हा त्याच वायफायवरील कोणीही बँकेचे बनावट पान खऱ्यासारखे दाखवू शकेल, अशी स्थिती निर्माण झाली. म्हणून ‘नुसत्या जाहिराती तर आहेत’ असे म्हणून हा त्रास सोसत राहणे मला धोक्याचे वाटते.

आता आपल्या संगणकाविषयी. कोपऱ्यातील ती सूचना बहुतेक करून संगणकाची नसतेच. कधीतरी आपण ‘अलाउ’ दाबलेल्या एखाद्या संकेतस्थळाची ती असते. तिच्यावर क्लिक करू नये, तिच्यातील क्रमांकावर फोन तर मुळीच करू नये. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडून अनोळखी नावे काढून टाकावीत. त्यानंतर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम, तपासावीत. तरीही तेच पान परत येत असेल, तर डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील ‘टार्गेट’चा रकाना पाहावा, त्यातील प्रोग्रामच्या नावापुढे संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असतो, ही जुनी पण अजून न मेलेली युक्ती आहे. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावली, तर ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवसाचा पाहुणा सहसा लगेच सापडतो. शेवटी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ करावी. ती विंडोज सुरू होण्याआधी चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून राहणाऱ्या प्रोग्रामाला तेव्हा तसे लपता येत नाही. महत्त्वाचे पासवर्ड बदलायचे असतील, तर ते दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदलावेत. ज्या संगणकावर संशय आहे तिथेच नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तोही हेराच्या हाती देणे.

प्रश्न : जास्त सुरक्षिततेसाठी दोन अँटिव्हायरस एकत्र चालवले तर चालतील का?

उत्तर : नाही. सतत पहारा देणारे दोन प्रोग्राम एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. दुसरा अँटिव्हायरस इन्स्टॉल केला, की विंडोजचा डिफेंडर आपला पहारा आपोआप थांबवतो, तो याच कारणाने. दुसरे मत हवेच असेल, तर सतत न चालणारे, सांगितल्यावरच तपासणी करणारे साधन वापरावे आणि ते त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण स्पायवेअर काढून देतो असे सांगणाऱ्या जाहिरातींमागे पुष्कळदा स्पायवेअरच असते.