हृदयशस्त्रक्रियेत टीईईचं (अन्ननलिकेत प्रोब घालून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीचं) चित्र धूसर येतं, काय करावं?

सेटिंगला हात लावण्याआधी पोटातली हवा काढा: प्रोब घालण्यापूर्वी जठरात नळी टाकून सक्शन करा आणि नळी बाहेर घ्या. अल्ट्रासाउंड हवेतून पुढे जातच नाही म्हटलं तरी चालेल. ट्रान्सगॅस्ट्रिक व्ह्यूला (जठरातून हृदय बघताना) मध्ये हवा राहिली की पडद्यावर नुसतं धुकं. मग डेप्थ (किती खोलवरचं दिसावं ते) हवी तेवढीच ठेवा, फोकस त्या भागावर आणा, जवळच्या झडपेसाठी फ्रीक्वेन्सी वाढवा. (गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवत बसणं ही आम्हा भूलतज्ज्ञांची जुनी खोड, त्याने कचराही तेवढाच उजळतो.) कॉटरीच्या (विजेवर चालणाऱ्या, ऊतक कापण्या-जाळण्याच्या उपकरणाच्या) रेघा चित्रात आल्या तर सर्जनना क्षणभर थांबायला सांगा. मात्र धातूच्या झडपेमागची सावली कुठल्याच बटणाने जात नाही. तिथे कोन बदला, नाहीतर निर्जंतुक आवरणातला प्रोब थेट हृदयावर ठेवून बघा.