विद्यापीठ कार्यालयात कनिष्ठ लिपिकाला निर्णय घेण्याचा अधिकार असतो का?

नाही, कनिष्ठ लिपिकाला निर्णयाचा अधिकार नसतो. त्याची जबाबदारी प्रकरण तपासून, नियम दाखवून टिपणी मांडण्याची. टिपणीखाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहिलेलं असतं, त्यातच सगळं आलं. वरिष्ठ लिपिक आणि कक्षाधिकारी (कक्षाचा प्रमुख) ती पडताळून अभिप्राय देतात, नेहमीची पत्रं बहुतेक कक्षाधिकाऱ्याच्या सहीने निघतात. पुढे सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 प्रमाणे सहायक कुलसचिवाच्या खालच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे नेमणूक आणि शिस्तभंग प्राधिकारी कुलसचिव असतात. त्यांच्या निर्णयाविरुद्ध अपील कुलगुरूंकडे.

मात्र कोणी किती रकमेपर्यंत खर्च मंजूर करायचा, कुठल्या रजेवर कोणाची सही चालते, हे प्रत्येक विद्यापीठाच्या अधिकार-प्रदान आदेशावर ठरतं. तो आदेश आस्थापना विभागाकडून (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा पाहणारा विभाग) लेखी मागून घ्याच. ‘साहेबांनी तोंडी सांगितलं’ म्हणून केलेल्या कामाचा जाब लेखापरीक्षणात बऱ्याचदा लिपिकालाच विचारला जातो, आणि हे फार अन्यायाचं आहे. तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी टिपणीत तारखेसह नोंदवून वर सहीला पाठवा.