प्री-ऑर्डर करू का? आणि तुमचे आणखी तीन प्रश्न

मागच्या अंकात गेमिंगवरचे प्रश्न मागवले होते. वाटलं चार-पाच येतील, पण ढीग आला, आणि त्यातले निम्मे 'कुठला लॅपटॉप घेऊ' असेच. ते पुढच्या वेळी घेतो, यावेळी फक्त पैशांचं आणि भांडणांचं.

दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, पॉकेटमनी साठवून वर्षाला दोनच गेम घेतो. मोठ्या गेमची प्री-ऑर्डर केली, म्हणजे रिलीजआधीच पैसे भरले, की बोनस मिळतो म्हणे. करू का? — एक वाचक, पुणे

नको रे बाबा. प्री-ऑर्डर सुरू झाली ती दुकानात डिस्क संपायची म्हणून, आता डाउनलोड संपतं का कधी? सायबरपंक २०७७ आठव. १० डिसेंबर २०२० ला आला, आधीच ८० लाख प्री-ऑर्डर झालेल्या, आणि रिव्ह्यू करणाऱ्यांना रिलीजआधी फक्त पीसीची कॉपी दिलेली. जुन्या प्लेस्टेशन ४ वर काय हाल आहेत ते लोकांना पैसे गेल्यावरच कळलं, आणि हाल एवढे की आठवड्याभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने गेम आपल्या स्टोअरवरून काढला आणि मागेल त्याला रिफंड दिला. परत यायला जून २०२१ उजाडलं. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर मात्र गेम खरंच मस्त झाला, मी दोनदा संपवलाय, म्हणजे जो थांबला त्याला धड गेम मिळाला तोही स्वस्तात, आणि ज्याने आधी पैसे मोजले तो स्वखर्चाने टेस्टर झाला. नो मॅन्स स्काय पण तसाच, २०१६ ला आला तेव्हा अर्धामुर्धा, धड मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर खेळायची सोय, यायला जुलै २०१८. त्यांनी नंतर वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले, मान आहे त्याबद्दल, पण 'ते सुधारले की' हे ऐकून पुढच्या कंपनीला उधारी का द्यायची?

बोनसचं म्हणशील तर मला एकदा घोड्याचं सोनेरी खोगीर मिळालं होतं. गेममध्ये घोडा मिळायला अकरा तास लागले, आणि तोपर्यंत माझा गेम तीनदा सेव्ह उडवून बसला होता.

अगदीच राहवत नसेल तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घे. तिथे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, आणि प्री-ऑर्डर रिलीजआधी कधीही रद्द करता येते. घड्याळ लावून खेळ, मी लावतो.

अजून एक, ही माझी जुनी कटकट आहे. तुझ्याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला, २०२० ला आला. त्याआधी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते तर टार्गेटही पूर्ण झालं नाही. ज्यांना आगाऊ पैसे खरंच लागतात त्यांच्यासाठी आपला हात खिशात जात नाही, हे काय ते कळत नाही मला.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची 'पाकिटं' घेतो, माझ्या यूपीआयवरून चार हजार गेले. 'सगळे घेतात' म्हणतो. हा जुगार आहे का? — एक आई, सांगली

ताई, आपल्या लहानपणी किराणा दुकानात तो चिठ्ठ्यांचा पुठ्ठा लटकलेला असायचा ना, पैसे द्या, चिठ्ठी फोडा, बहुतेक वेळा एक गोळी. तेच आहे हे, फक्त पुठ्ठा कधी संपत नाही. बेल्जियमच्या सरकारी गेमिंग कमिशनने २०१८ मध्ये सरळ सांगितलं की पैसे देऊन घ्यायचे असले लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणारी पाकिटं, जुगारच आहेत, आणि ईए कंपनीने २०१९ च्या सुरुवातीला तिथे आपल्या फिफा या फुटबॉल गेमचे, पाकिटं घ्यायला लागणारे पॉइंट्स विकणं थांबवलं. मुलाला जुगार वगैरे सांगू नका, तो ऐकणार नाही. त्याला एवढंच विचारा की दरवर्षी नवा गेम आला की जुनी पाकिटातली टीम त्यात नेता येते का. फिफासारख्या गेममध्ये येत नाही, पुन्हा शून्यापासून. हे त्याला माहितीये, फक्त मोठ्याने कुणी विचारलेलं नसतं. आणि रिफंडची रिक्वेस्ट आजच टाका, उशीर झाला की अवघड होतं. फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायची सेटिंग लावा, आणि पासवर्ड त्याचा वाढदिवस नको.

विकत घेतलेला गेम कंपनी बंद कशी करू शकते? — एक वाचक, नागपूर

कारण विकत घेतलेलाच नसतो, लायसन्स घेतलेलं असतं. युबिसॉफ्टचा २०१४ चा 'द क्रू' ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, कारण तोही सर्व्हरवरच चालायचा. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, जुलै २०२५ मध्ये सह्या १० लाखांवर गेल्या. ऑफलाइन चालतो का, हे घेण्याआधी बघत जा.

मी बंगळुरूला गेम स्टुडिओत टेस्टिंग करते. अपडेट बिघडला की डिस्कॉर्डवर (गेमर लोकांच्या चॅट ॲपवर) घाण घाण शिव्या येतात. मराठीतूनपण येतात, त्या जास्त लागतात. गेमर लोकांना राग व्यक्त करायचा हक्क नाही का, असं माझा भाऊच म्हणतो. — एक वाचक

भावाला हेलडायव्हर्स २ या सोनीच्या गेमचं सांग. मे २०२४ मध्ये सोनी म्हणाली की पीसीवाल्यांनी पण प्लेस्टेशनचं अकाउंट जोडायचंच, आणि कित्येक देशांत ते अकाउंट उघडताच येत नाही. लोकांनी स्टीमवर दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू ठोकले, रिफंड मागितले, आणि तीन दिवसांत सोनीने माघार घेतली. हा झाला राग, तक्रार काय ते स्पष्ट आणि बिल कुणाच्या नावावर ते पण स्पष्ट. आणि दुसरीकडे २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस २ मधल्या एका पात्रावर चिडून लोकांनी त्याला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. नो मॅन्स स्काय लांबला तेव्हा तो बनवणाऱ्या शॉन मरेलाही तसंच. याने कुणाला एक रुपया परत मिळाला नाही.

आणि टेस्टरला शिव्या म्हणजे तर कहर आहे गं. बग तू लिहून दिलेला असतोस, वर कुणीतरी 'नंतर बघू' म्हणतं आणि शुक्रवारी अपडेट जातो, हे बाहेरच्याला दिसतच नाही. मलाही दिसत नव्हतं. ते सेव्ह उडालेलं सांगितलं ना वर, त्या रात्री मी त्यांच्या फोरमवर 'टेस्टर झोपले होते का' असं आणि त्यापुढे बरंच काही लिहिलं होतं, इथे छापण्यासारखं नाही. ती पोस्ट अजून तिथेच आहे, पासवर्ड विसरलोय म्हणून काढता येत नाही.